मुलांबरोबर शाईपेन घेऊन प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक सात वर्षांची होती तेव्हापासून आम्ही दोघी प्रवासाला निघताना शाईपेनं बरोबर घेतो. आता तिला बारावं चालू आहे. डब्यातले सहप्रवासी, तिच्या मैत्रिणींच्या आया, नात्यातली माणसं, पेनांच्या दुकानात भेटलेले पालक, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. ते प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा उरलेला भाग दुसऱ्या प्रश्नात आला असेल तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. शाईपेन द्यायला मुलाचं वय किती हवं?

वयापेक्षा हात बघा. पेन्सिल धरताना बोटांची टोकं पांढरी पडत असतील, मागच्या पानावर अक्षरं उठून दिसत असतील, तर थोडं थांबा. निबला दाब सोसत नाही. हा दाब कमी झाला की मूल तयार आहे. बहुतेक मुलांचं हे सातव्या-आठव्या वर्षी होतं. आपल्याकडे शाळा पेन हातात द्यायला बराच वेळ घेतात, तोवर थांबायचं काही कारण नाही.

घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर मात्र काळजी घ्या. पेनाचं टोपण नेमकं घशात अडकण्याच्या मापाचं असतं. डोक्याला भोकं असलेली टोपणं मिळतात, ती घ्या. टोपण अडकलंच तर त्या भोकांतून थोडी तरी हवा जात राहते. आणि शाई चाखायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. शाई टिकावी म्हणून तिच्यात बुरशीनाशक घातलेलं असतं.

२. घरी एवढा वेळ असतो, मग प्रवासातच का?

कारण घरी पेन अभ्यासाच्या बाजूला जातं. गृहपाठ, शुद्धलेखन, सुवाच्य अक्षराचे पाच गुण, या सगळ्यात ते एकदा सापडलं की मुलाच्या मनात त्याची जागा ठरून जाते. मी हे एकदा करून बसले आहे. सुरुवातीला घरी रोज दहा ओळी लिहून घेत होते. तिसऱ्या दिवशी तिनं पेन दप्तराच्या तळाशी टाकलं आणि विचारलं तर शाई संपली म्हणाली. शाई संपली नव्हती.

पुढच्या महिन्यात आम्ही गाडीनं सोलापूरला निघालो. समोरासमोर बसलो होतो, करायला काही नव्हतं. मी माझं पेन काढून लिहीत बसले. दौंड गेल्यावर तिनं विचारलं, "माझं पेन आणलंयस का?" आणलं होतं. तेव्हापासून आमचा एकच नियम आहे. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत मी तिचं अक्षर, ऱ्हस्व-दीर्घ, खाडाखोड, कशावरही बोलत नाही. तिनं दाखवल्याशिवाय वहीत डोकावतही नाही. या पानावरचं दुसरं काही पाळलं नाहीत तरी चालेल, हे मात्र पाळा.

३. पहिलं पेन कोणतं घ्यावं? महाग घेतलं तर मूल जपून वापरेल ना?

महाग पेन मूल जपत नाही, घाबरून वापरतच नाही. हरवलं तर तुम्ही ओरडणार नाही, इतक्या किमतीचं घ्या. शंभर रुपयांच्या आसपास साधी भारतीय शाईपेनं अजून मिळतात आणि चांगली लिहितात. फक्त दुकानातच पाण्यात बुडवून किंवा शाई भरून लिहून बघा, कारण स्वस्त पेनांत एक निब लोण्यासारखी चालते आणि दुसरी कागद ओरखडते.

थोडा जास्त खर्च करायचा असेल तर मुलांसाठीच घडवलेली पेनं आहेत. जपानच्या पायलट कंपनीच्या काकुनोच्या निबवर हसरा चेहरा कोरलेला असतो. तो चेहरा आपल्याकडे बघत असला की निब सुलटी धरली आहे, एवढं मुलाला न सांगता कळतं. जर्मनीच्या लामीच्या सफारीला बोटं टेकायला चपट्या बाजू आहेत, त्यामुळे पकड आपोआप बसते.

निब बारीक घ्या. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं यांची दाटी असते आणि जाड निबनं 'ष्ट्र' लिहिलं की त्याचा गोळा होतो.

४. कार्ट्रिज बरं, बाटलीतून शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर बरा, की थेट नळीत शाई भरायचं ड्रॉपर पेन?

प्रवासात लहान मुलासाठी कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली छोटी बंद नळी. शाईची बाटली न्यावी लागत नाही, मूल स्वतः बदलू शकतं आणि आत शाई-हवा दोन्ही थोडीच असल्यामुळे गळण्याचा धोका कमी. रिकामं कार्ट्रिज फेकू नका. सुई काढलेल्या सिरिंजनं ते पुन्हा भरता येतं आणि मुलांना हे काम फार आवडतं.

ड्रॉपर पेन हे खरं आपल्याकडचं पेन. निबकडचा भाग फिरवून उघडायचा, ड्रॉपरनं नळी भरायची, आटे घट्ट बसवायचे. तीन मिलिलिटरपर्यंत शाई मावते. सगळा प्रवास एका भरण्यात होतो. पण त्याचा एक स्वभाव आहे. शाई निम्म्याच्या खाली गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि पेन एकदम थेंब ओकतं. दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला हे समजावून दिलं की तो सांभाळतो. आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन लावू नका, ते काही प्लॅस्टिकला आणि रबराला खातं.

५. शाई कोणती? आणि किती न्यायची?

धुता येणारी निळी, म्हणजे बाटलीवर रॉयल ब्लू लिहिलेली. सुरुवातीला एवढी एकच. चमकी असलेल्या, पिगमेंटच्या, 'कायमस्वरूपी' म्हणवणाऱ्या शाया प्रवासात नकोत, त्या सुकल्या की पेन चोंदतं.

एका चुकीपासून मात्र सांभाळा. चित्रकलेची काळी जलरोधक शाई, जिला ड्रॉइंग इंक म्हणतात, ती शाईपेनात कधीही घालू नका. तिच्यातला चिकट पदार्थ एका रात्रीत फीडच्या, म्हणजे निबखालच्या दातेरी तुकड्याच्या, बारीक खाचा बंद करतो. माझ्या ओळखीतली तीन पेनं अशीच गेली आहेत. दोन्ही बाटल्या दुकानात एकाच फळीवर असतात, म्हणून ही चूक होते.

आठवड्याच्या प्रवासाला दोघांत मिळून ३० मिलिची बाटली खूप होते. तीही टोपणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा धरून, झिपच्या पिशवीत, उभी.

शाईची गोष्ट सांगायला विसरू नका. कॅमलिन हे नाव मुलांना रंगपेटीवरून माहीत असतं. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरुवात केली ती रंगांनी नव्हे, शाईच्या पुड्या आणि वड्यांनी, आणि छाप होता घोड्याचा. उंट नंतर आला. कॅमल आणि इंक मिळून कॅमलिन, हे कळल्यावर माझ्या लेकीनं पाटीवर, खोक्यावर, दिसेल तिथे ते नाव तोडून वाचायचा सपाटा लावला होता.

६. कुठल्याही वहीवर लिहिलं तर शाई फुटते. कागद कसा ओळखायचा?

जीएसएमच्या, म्हणजे कागदाच्या वजनाच्या, आकड्यावर जाऊ नका. जाड कागदही शाई पितो आणि काही पातळ कागद उत्तम निघतात. पेन बरोबर घेऊन दुकानात जा, परवानगी घेऊन शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात तीन अक्षरं काढा आणि एक ठिपका टेकवून पाच मोजा. अक्षराच्या कडेला केस फुटले नाहीत आणि ठिपका मागे उमटला नाही, तर वही घ्या. पुठ्ठा जाड हवा, कारण प्रवासात टेबल म्हणजे मांडीच. टीपकागद आता सहज मिळत नाही, त्याच्या जागी नको असलेल्या सुती ओढणीचा तुकडा चालतो.

७. हलत्या गाडीत शाईपेननं लिहिता येतं का?

येतं, पण सगळा वेळ नाही. गाडीचे धक्के सारखे नसतात. सपाटीवर एका वेगानं धावत असली की चांगलं लिहिता येतं, स्टेशन जवळ आल्यावर रूळ बदलताना अजिबात नाही. खिडकीजवळची जागा, वही मांडीवर, मनगट वहीला टेकलेलं आणि कोपर मोकळं, असं बसलं की अंगाबरोबर हातही डुलतो आणि अक्षर फार हलत नाही. साइड लोअर मिळाला तर उत्तम. दोन्ही बाजूंच्या पाठी सरळ करून समोरासमोर बसता येतं.

आम्ही ओळी स्टेशनांना बांधून घेतो. गाडी थांबली की लिहायचं, सुटली की बघायचं. दोन मिनिटांच्या थांब्यात दोन ओळी होतात. लेकीच्या वहीत कुर्डुवाडीच्या नावाखाली फक्त "एक काळा कुत्रा. त्याला घाई नाही." एवढंच आहे. फलाटावर बसून ती सगळा वेळ त्यालाच बघत होती.

बसमध्ये आणि मोटारीत लिहू देऊ नका. मळमळतं आणि शाईही सांडते.

८. विमानात पेन गळतं हे खरं का? नक्की कशामुळे?

खरं आहे, आणि कारण मुलाला सांगण्यासारखं आहे.

पेनात शाई अर्धी असेल तर उरलेल्या जागेत हवा असते. विमान वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो. साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका तो ठेवतात. बाहेरचा दाब उतरला की पेनातली हवा फुगते आणि शाईला निबमधून बाहेर ढकलते. समुद्रसपाटीवरून निघालं आणि केबिन आठ हजार फुटांच्या दाबावर गेली, तर हवा सुमारे एक तृतीयांशानं वाढते. तीन मिलिच्या ड्रॉपर पेनात दीड मिलि हवा असेल तर अर्धा मिलि शाई बाहेर यायला बघते, म्हणजे दहा थेंब. कार्ट्रिजमध्ये हेच दोन-तीन थेंब होतात आणि तेवढे फीडच्या खाचा धरून ठेवतात.

यावरून नियम आपोआप निघतात. पेन काठोकाठ भरा, म्हणजे आत फुगायला हवाच नाही. नाहीतर पूर्ण रिकामं करून धुऊन न्या. विमान चढत असताना निब वर करून उभं ठेवा, म्हणजे निबकडे हवा राहते आणि फुगली तरी शाईला धक्का न लावता निघून जाते. उतरताना दाब वाढतो आणि हवा आत शिरते, तेव्हा धोका नाही. विमान वर स्थिरावल्यावर टोपण उघडायचं असेल तर निब वर ठेवून, रुमालात धरून, हळूच.

हे समजावल्यावर लेकीनं बरोबर नेलेली पाण्याची अर्धी रिकामी प्लॅस्टिकची बाटली वर घट्ट बंद केली आणि उतरल्यावर ती चेपलेली दाखवली. शाळेच्या पुस्तकातला दाबाचा धडा तिला वेगळा शिकवावा लागला नाही.

९. मग घाट चढतानाही गळेल का? आम्ही महाबळेश्वरला चाललोय.

तत्त्व प्रश्न ८ मधलंच, प्रमाण कमी. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. मुंबईहून गेलात तर पेनातली हवा सहाव्या हिश्श्याइतकी वाढते. अर्ध्या भरलेल्या ड्रॉपर पेनातून चार-पाच थेंब येऊ शकतात. पुण्याहून गेलात तर त्याहून कमी, कारण पुणे मुळातच साडेपाचशे मीटरवर आहे. कार्ट्रिजवाल्यांनी काळजी करू नये. लेहला विमानानं जाणार असाल तर मात्र पेन रिकामंच न्या. गाव स्वतःच साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे पोचल्यावर भरा.

१०. विमानतळावर सुरक्षा तपासणीत पेन काढून घेतात का?

आमचं कधी घेतलेलं नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानात द्रवाची एक बाटली १०० मिलिपेक्षा मोठी चालत नाही, आणि ती पारदर्शक पिशवीत लागते. ३० मिलिची बाटली त्यात बसते. सिरिंज नेत असाल तर सुईशिवाय, आणि शक्यतो खाली जाणाऱ्या सामानात. विचारलं तर मुलाला उत्तर देऊ द्या. 'शाईपेन भरायला' हे मुलाच्या तोंडून ऐकलं की तपासणारे हसतात.

११. वाटेत पेन चालेनासं झालं तर?

झटकू नका. झटकलेली शाई समोरच्याच्या शर्टावरच जाते. आधी निब पाण्यात पाच सेकंद बुडवा आणि कागदावर टेकवा. बहुतेकदा एवढ्यावर सुरू होतं. नाही झालं तर कार्ट्रिज हलकेच दाबा, एक थेंब फीडमध्ये उतरेल. तरीही नाही, तर मुक्कामाला पोचल्यावर पुढचा भाग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, त्यानं एबोनाइट या कडक रबराचा आणि स्वस्त प्लॅस्टिकचा आकार बिघडतो.

निब आणि तिच्याखालचा दातेरी काळा तुकडा, ज्याला आम्ही शाळेत जीभ म्हणायचो, त्यात कागदाचा तंतू अडकला असेल तर केसानं काढा. टाचणी, ब्लेड काही घालू नका. निबच्या दोन पाकळ्या एकदा फाकल्या की प्रवासात जुळत नाहीत.

१२. कपड्यावर किंवा बर्थवर शाई सांडली तर काय करायचं?

टिपायची, घासायची नाही. कोरड्या सुती कापडानं वरून दाबायचं, मग गार पाणी, पुन्हा टिपायचं. प्रश्न ५ मधली धुता येणारी निळी शाई असेल तर ती निम्मी तिथेच जाते आणि उरलेली घरी साबणानं. गरम पाणी आणि इस्त्री डाग उडेपर्यंत नको. बर्थच्या रेक्झिनवर ओल्या फडक्यानं लगेच पुसलं की राहत नाही. बोटांवरची दोन आंघोळीत जाते.

दुसऱ्या कुणाच्या कपड्यावर उडाली तर माफी मुलानं मागायची आणि फडकं तुम्ही पुढे करायचं.

१३. मुलाला "काय लिहू?" असा प्रश्न पडतो. रोजनिशी म्हटलं की कंटाळतो.

कंटाळणारच. 'आज आम्ही अमुक ठिकाणी गेलो' हे वाक्य कुणालाही कंटाळा आणतं. दिवसाचा हिशोब मागू नका. खिडकीतून दिसलेल्या पाट्या उतरवायला सांगा. काही राज्यांत स्टेशनची तीच पाटी तीन लिप्यांत असते, आणि मुलांना न कळणारी अक्षरं चित्रासारखी काढायला आवडतात. लेकीनं तेलुगूतलं 'ర' सारखं गोल वळण, जे तिच्या म्हणण्याप्रमाणे "शेपटीची भाकरी" होतं, पानभर गिरवलं. गोल वळणांत निब फार सुरेख चालते. जेवणाच्या पदार्थांची नावं, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, डब्यातल्या माणसांच्या चपला. माझी लेक एका प्रवासात फक्त चपला लिहीत होती.

आणि पोस्टकार्ड. भारतात पोस्टकार्ड १८७९ पासून आहे आणि टपाल कचेरीत अजून मिळतं. मुक्कामाच्या गावातून एक आजीला, एक स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर. आपण घरी पोचल्यानंतर आपलंच कार्ड येतं, तेव्हा मुलाचा चेहरा बघावा. एकच अडचण आहे. धुता येणारी शाई पावसातही धुतली जाते. आमचं एक कार्ड जुलैमध्ये आलं तेव्हा त्यावर निळं ढग होतं आणि पत्ता मात्र शाबूत, कारण पत्ता बॉलपेननं लिहिला होता. मजकूर शाईपेननं, पत्ता बॉलपेननं, ही सवय पावसाळ्यात लावा. कार्डाचा कागद शाई पितो, म्हणून अक्षर थोडं मोठं आणि हात हलका.

१४. शाईपेननं अक्षर सुधारतं ना?

हमी देणार नाही. हा दाब न देता लिहायचा प्रकार आहे, त्यामुळे हात कमी दुखतो आणि मूल जास्त वेळ लिहितं. सुधारलं तर त्यामुळे सुधारतं.

पण निब आणि आपली लिपी यांचं नातं मुलाला दाखवण्यासारखं आहे. देवनागरी अक्षरांतली जाड-बारीक वळणं बोरूनं घडवली. बोरूचं टोक तिरकं कापतात, आणि तो काप रोमन अक्षरांसाठी कापतात त्याच्या उलट बाजूला झुकतो. म्हणून आपल्या अक्षरांत जाडी दुसऱ्याच दिशेला येते. प्रवासात ओढ्याकाठी बोरू किंवा साधा वेत मिळाला तर तुम्ही स्वतः चाकूनं कापून शाईत बुडवून द्या. 'अ' काढताना रेघ आपोआप जाड आणि बारीक होते, आणि मूल थक्क होतं. मोडी माहीत असेल तर आणखी चांगलं. आधी पानभर शिरोरेषा आखून घ्यायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, ही पद्धत निबला जणू शिवून घेतल्यासारखी बसते.

१५. मुलगी डावखुरी आहे. सगळं अक्षर हातानं फिसकटतं.

देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डावा हात ओल्या अक्षरावरून जातोच. पेन बदलण्याआधी वही फिरवा. वहीचा वरचा भाग उजवीकडे झुकवून, हात ओळीच्या खाली ठेवून लिहू द्या. हात ओळीच्या वरून आकड्यासारखा वळवून लिहिण्याची सवय जडली असेल तर जबरदस्तीनं मोडू नका, त्याऐवजी बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई द्या. फार चिकण्या कागदावर शाई उशिरा वाळते, म्हणून प्रश्न ६ मधली सर्वोत्तम ठरलेली वही डावखुऱ्यांना कधी कधी सोयीची नसते. त्यांच्यासाठी थोडा खरबरीत कागद बरा.

डावखुऱ्यांची वेगळी निब घ्यावीच लागते असं नाही.

१६. पेन कसं बनतं हे मुलाला प्रत्यक्ष कुठे दाखवता येईल?

आमचा सगळ्यात आवडता प्रवास याच प्रश्नाचं उत्तर आहे. आंध्र प्रदेशातलं राजमुंद्री, आताचं राजमहेंद्रवरम. मुंबईहून पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा करत जाणारी कोणार्क एक्सप्रेस तिथे थांबते. जवळपास एक दिवस-रात्र लागते आणि तेवढ्यात प्रश्न ७ मधला सगळा सराव होतो. शेवटी कोव्वुर गेलं की गाडी गोदावरीच्या पुलावर येते. पूल संपता संपत नाही. नाशिकला रामकुंडावर पायऱ्या उतरून लेकीनं याच नदीत पाय बुडवले होते. "हीच ती?" असं तिनं विचारलं आणि वही बंद करून खिडकीला चिकटली. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी सुमारे १४६५ किलोमीटर वाहते, आणि राजमुंद्रीनंतर ती समुद्राकडे जायला फाटते.

या गावात के. व्ही. रत्नम यांनी १९३२ मध्ये स्वदेशी पेनं बनवायला सुरुवात केली. त्यांनी गांधीजींना पेन पाठवलं ते अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत. १९३५ मध्ये गांधीजींनी आभाराचं पत्र लिहिलं, त्यात बाजारात दिसणाऱ्या विदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो असं म्हटलं. गांधीजी आणि ग्रामोद्योग संघ दोघांचाही मुक्काम तेव्हा वर्ध्याला होता. त्यामुळे विदर्भातल्या पालकांना ही गोष्ट वर्ध्याच्या मगनवाडीपासून सुरू करता येईल. रत्नम कुटुंबाचं काम पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवलं आहे.

तिथे मुलाला एबोनाइट बघायला मिळतं. रबरात गंधक घालून तापवलं की हे कडक द्रव्य तयार होतं. त्याची कांडी लेथवर धरली की काळ्या भुशाच्या कुरळ्या पट्ट्या सुटतात आणि गंधकाचा वास येतो. शाई एबोनाइटला धरून राहते, म्हणून जुन्या पेनांची जीभ याचीच. उन्हात ठेवलं की काळं एबोनाइट हळूहळू तपकिरी-हिरवट होतं. कारागिराला मुलानं काय विचारायचं ते आधी वहीत लिहून न्या. लेकीचा प्रश्न होता, "टोपणाचे आटे आणि पेनाचे आटे एकाच मापाचे कसे येतात?" त्यावर तिला आटे पाडायची हत्यारं हातात धरायला मिळाली. जाण्याआधी फोन करून विचारा. या छोट्या कार्यशाळा आहेत, तिथलं काम तुमच्या वेळेवर चालत नाही.

राजमुंद्री जमत नसेल तर हैदराबादला आबिड्समधली जुनी पेनदुकानं, चेन्नईजवळ तिरुवल्लूरला 'रंगा' नावाची हातानं घडवलेली पेनं, आणि पुण्यात अप्पा बळवंत चौक आहेच. चौकात पेनांची दुकानं पुस्तकांच्या गर्दीत आहेत, अर्धा दिवस काढून जा.

१७. आजोबांचं जुनं पेन बरोबर न्यावं का? मुलाला तेच हवं आहे.

नको. बऱ्याच जुन्या पेनांत आत रबराची पिशवी असते, ती ठिसूळ झालेली असते आणि फाटू शकते. काही जुनी पेनं सेल्युलॉइडची असतात, ती उष्णतेपासून दूरच ठेवायची असतात. आणि हरवलं तर ते पुन्हा मिळणार नाही. आम्ही असं करतो. निघायच्या आदल्या रात्री माझ्या वडिलांच्या पेननं लेक वहीचं पहिलं पान लिहिते. परत आल्यावर शेवटचं पान. मधली सगळी पानं तिच्या पेनाची.

१८. मुलानं पेन हरवलं तर रागवावं का?

पहिल्यांदा नाही. लेकीचं पहिलं निळं पेन मनमाडला उतरताना बर्थ आणि भिंतीच्या फटीत राहिलं. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं शोक केला, मी गप्प बसले आणि रात्री माझ्या पेननं तिनं हरवलेल्या पेनाचं वर्णन लिहिलं, पोलिसात देतात तसं. रंग, उंची, खुणा, "टोपणावर दाताचे दोन ठसे". नवं पेन परतीला घेतलं.

पेनाला दोरा बांधायचा, नाव चिकटवायचं आणि उतरायच्या एक स्टेशन आधी पेनं मोजायची, हे त्यानंतर सुरू झालं.

१९. आम्ही जर्मनीत राहतो. मुलगा शाळेत शाईपेननंच लिहितो, पण मराठी लिहीत नाही. भारतात येताना काय करू?

तुमच्याकडे अर्धं काम झालेलं आहे. तिथे बऱ्याच प्राथमिक शाळांत पेन्सिलीनंतर मुलं शाईपेनावर येतात, त्यामुळे हात तयार असतो. फक्त पेन रोमन अक्षरांत अडकलेलं असतं. त्याला आज्जी-आजोबांचं नाव आणि पत्ता देवनागरीत लिहायला शिकवा, बाकी काही नको. मग प्रश्न १३ मधली पोस्टकार्डं. तिथली धुता येणारी निळी कार्ट्रिजं बरोबर आणा, त्या मापाची इथे प्रत्येक गावात मिळतीलच असं नाही.

२०. सगळं केलं, तरी मुलाला रस नाही. आता?

मग नाही. तुम्ही लिहीत राहा. तुम्हाला खरंच आवडतं की त्याच्यासाठी चाललंय, हे मुलांना लगेच कळतं. माझ्या बहिणीच्या मुलाला लिहिण्यात अजिबात रस नव्हता, पण पेन उघडून धुऊन पुन्हा जोडण्यात तो तास घालवायचा. आता आमच्या घरातली सगळी पेनं तोच साफ करतो. कुणाचं प्रेम शाईवर, कुणाचं आट्यांवर.

२१. शाईपेन दुसऱ्याला लिहायला देऊ नये म्हणतात. डब्यात कुणी मागितलं तर मुलानं काय करायचं?

निब लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजते, म्हणून पेन देऊ नये, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगतात. निबच्या टोकाला कठीण धातूचा मणी असतो आणि तो झिजायला फार वर्षं लागतात. कुणी चार ओळी लिहिल्यानं काही होत नाही. बिघडतं ते दाबून लिहिल्यानं, आणि बॉलपेनाची सवय असलेला माणूस दाबतोच. म्हणून लेक पेन देताना सांगते, "काका, दाबू नका, ते आपोआप लिहितं." आणि टोपण स्वतःच्या मुठीत ठेवते, म्हणजे पेन न चुकता परत येतं.

मागच्या खेपेला एका वयस्कर गृहस्थांनी तिच्याकडून पेन घेतलं ते फोन नंबर लिहायला. नंबर लिहून झाल्यावर त्यांनी खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, मग गावाचं, मग पुन्हा नाव. दाबलं अजिबात नाही. लेक टोपण घेऊन थांबली होती, मागितलं नाही तिनं.